ज्याचं जळतं

‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि बहुतेक वेळा ती ऐकली की बोलणं थांबायचं. आमच्या आजीची ती हक्काची म्हण. शेजारी कोणाकडे काही अघटित घडलं की घरातल्या बायका हळहळायच्या, मग आजी एवढंच म्हणायची आणि सगळ्या उठून आपापल्या कामाला लागायच्या. तिच्या तोंडी त्यात निष्ठुरपणा नव्हता, आदरच होता. आपल्याला जे कळत नाही त्यावर उगाच तोंड वाजवू नये, एवढाच तिचा अर्थ. हल्ली मात्र मला त्या आदरात थोडी सुटकाही दिसते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणजे आपल्याला कळणार नाही, म्हणजे आपण घरी जायला मोकळे.

ज्यांचं जळत नाही त्यांनी काय करायचं, हे म्हण सांगत नाही. जळणारे दोघं एकमेकांशेजारी येऊन बसले तर काय होतं, हेही सांगत नाही. मी अडकले आहे ती इथे.

माझी मावसबहीण कनेक्टिकटमध्ये राहते. तिच्या धाकट्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. मुलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. सुरुवातीला इस्पितळातले मुक्काम, पाठीतली इंजेक्शनं, स्टिरॉइडनं फुगलेले गाल आणि मध्यरात्री लागणारी भूक. मग ‘मेंटेनन्स’चा लांबलचक टप्पा, त्यात रोज रात्रीची गोळी. मुलगी शाळेत जायला लागली की बाहेरच्यांना वाटतं, झाली बरी. घरात मात्र दाराशी भरलेली बॅग तशीच असते. अंग जरा कढत लागलं की ती उचलायची आणि इमर्जन्सी गाठायची.

‘‘ताई, लोक फार चांगले आहेत गं,’’ ती मला फोनवर म्हणाली होती. ‘‘पण सगळे एकच विचारतात, कशी आहे ती? आणि विचारताना मान जराशी कलती करतात. मला आता ती मान कलायच्या आधीच कळते.’’

तिच्या घरापासून फार लांब नाही, अ‍ॅशफर्डला, झाडीत एक शिबिर आहे. पॉल न्यूमन या नटानं ते १९८८ मध्ये सुरू केलं. १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मध्ये तो दरोडेखोर झाला होता, त्यातल्या टोळीचंच नाव, ‘होल इन द वॉल गँग’, त्यानं शिबिराला दिलं. बांधकाम जुन्या अमेरिकन वस्तीसारखं, लाकडी. दवाखान्याचं नावसुद्धा ‘ओके कोराल’. १९८२ मध्ये न्यूमननं एका मित्राबरोबर सॅलडवर घालायचं ड्रेसिंग विकायला काढलं होतं आणि त्याचा सगळा नफा दानधर्माला द्यायचं ठरवलं होतं. तो पैसाही शिबिरामागे उभा राहिला. मुलांच्या घरच्यांकडून एक पैसा घेत नाहीत. उन्हाळ्यात आजारी मुलं येऊन राहतात, त्यांच्या भावंडांसाठी वेगळं सत्र असतं आणि काही शनिवार-रविवारी अख्ख्या घरालाच बोलावतात. पुढे आयर्लंड, हंगेरी, इटलीतही याच धर्तीची शिबिरं उभी राहिली.

बहीण, तिचा नवरा आणि दोन्ही मुलं अशा एका शनिवार-रविवारी जाऊन आली. मला वाटलं होतं ती तळ्याबद्दल सांगेल, गाण्यांबद्दल सांगेल. ते तिनं दोन वाक्यांत उरकलं. तिला सांगायचं होतं ते वेगळंच. लेकीनं टोपी काढून ठेवली आणि परत घालायची विसरली. जेवताना गोळ्या घेणारी ती एकटीच नव्हती. आणि तिचा नवरा, जो वर्षभर विम्याच्या कागदांखेरीज कशावर बोलत नव्हता, तो दुसऱ्या एका बापाशी तासभर विम्याच्या नाकारलेल्या क्लेमबद्दलच बोलत बसला आणि बोलता बोलता हसला. ‘‘तिथे कोणी विचारलंच नाही, कशी आहे ती म्हणून,’’ बहीण म्हणाली. ‘‘सगळ्यांना माहीतच होतं ना.’’

म्हणजे म्हण खरी ठरली, असं मला त्या दिवशी वाटलं. ज्यांचं जळतं त्यांना एका जागी आणायचं, की कळणं आपोआप होतं. पण मग तिथले स्वयंसेवक? कॉलेजातली पोरंपोरी, ज्यांच्या घरात असं काही घडलेलं नाही, ती दिवसभर मुलांमागे धावत होती, नाटकं करत होती. बहिणीनं त्यांचं फार कौतुक केलं. त्यांना कळत होतं का? का न कळताच त्यांनी जे करायचं ते नीट केलं? आणि न कळता नीट करता येत असेल, तर कळण्याला आपण एवढी किंमत का देतो?

उलट बाजूनंही मला ही म्हण पुरत नाही. ज्याचं जळतं त्याला खरंच कळतं का? जळत असताना माणूस पाणी शोधत असतो. त्याला शेजारच्या खोलीत कोण आहे तेही दिसत नाही. बहिणीच्या घरात शेजारच्या खोलीत अकरा वर्षांचा मोठा मुलगा होता. तो आपलं दूध-सीरियल आपण घ्यायला लागला, गृहपाठाच्या वहीत आईची सही आपणच करायला लागला आणि कोणी विचारायच्या आत ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणायला लागला. आईबापांना वाटलं, किती समजूतदार. शिबिरातून परतल्यावर दोन दिवसांनी तो बुटांवरून बहिणीशी कडाकडा भांडला. आजारी बहिणीशी! तिला ढकललंसुद्धा. माझी बहीण मला हे आनंदानं सांगत होती आणि सांगताना रडत होती. तिथे भावंडांशी कोण काय बोललं ते तिला माहीत नाही, मुलानं सांगितलेलं नाही. मला हे भांडण शिबिराच्या खात्यावर जमा करावंसं वाटतं. पण मुलगा एरवीही कधीतरी भांडलाच असता, नाही का? मुलं भांडतातच.

मग मला परळ आठवतं, आणि अ‍ॅशफर्डचं तळं एकदम परकं वाटायला लागतं. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं. ल्युकेमियानं गेलेल्या मेहेरबाई टाटांची आठवण त्याच्या उभारणीमागे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात. त्यांतले कितीतरी समोरच्या जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली राहिलेले मी पाहिले आहेत, केसपेपरची फाईल उशाला घेऊन. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि कित्येक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. औषधं मिळत नाहीत, निदान उशिरा होतं, ही कारणं आहेतच. पण एक कारण असंही आहे, की घरचे उपचार अर्ध्यावर सोडून परत जातात. गावाकडे दुसरी मुलं असतात, पेरणी असते, मुंबईतली खोली परवडत नाही. तेव्हा इथे साधी खोलीसुद्धा औषधच ठरते. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून नेमकी तीच देते: आईबाप आणि मूल यांना फुकट खोली, शिधा आणि सामायिक स्वयंपाकघरात आपली आपली शेगडी. हे पाहिलं की मी स्वतःला विचारते, तळं, गाणी, नाटकं हे सगळं खोलीनंतरचं नाही का? आणि लगेच वाटतं, असा क्रम लावणारी मी कोण? हसण्याची गरज आधी घर मिळालेल्यांनाच असते, असं कुठे आहे?

परळजवळच्या अशाच एका निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात मी एका ओळखीच्या बाईंबरोबर गेले होते. सात-आठ शेगड्या, मोहरीच्या तेलाचा वास, एका कोपऱ्यात भाकरी थापली जात होती. भाकरी थापणारी बाई बीडकडची. शेजारी बिहारमधली एक मुलगीच म्हणावी अशी आई. दोघींची भाषा एक नाही. बिहारची नुसतं म्हणाली, ‘‘काउंट गिर गया.’’ बीडची थांबली, पिठाचे हात परातीत झटकले आणि विचारलं, ‘‘किती? प्लेटलेट की पांढऱ्या?’’ शाळेची पायरी न चढलेल्या या बाईला रक्ताचा रिपोर्ट तोंडपाठ होता. मग तिनं आपली भाजी दुसरीच्या ताटात वाढली आणि तिला वर मुलाजवळ पाठवून दिलं. हेच तर शिबिर, मी मनात म्हटलं. पण ओळखीच्या बाईंनी परत येताना सांगितलं, की इथे शेगडीवरून भांडणंही होतात आणि एखादीच्या मुलाचा रिपोर्ट चांगला आला की दुसरी दोन दिवस तिच्याशी बोलत नाही. तेही कळणंच आहे की काय?

धर्मशाळा म्हटलं की मला गाडगेबाबांपाशी थांबावंच लागतं. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या मुलाची, गोविंदाची, गोष्टही आपण ऐकतो. बाबा कीर्तनाला उभे होते, मुलगा गेल्याची तार आली, बाबा क्षणभर थांबले, असे किती गेले, मी एकासाठी काय रडू, अशा अर्थाचं काही बोलले आणि कीर्तन पुढे सुरू केलं. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, अभिमानाचा. आता पुन्हा पुन्हा आठवते तेव्हा मी दुसरीकडेच बघत राहते. गोष्ट तिथे संपते. कुंताबाई, गोविंदाची आई, त्या वेळी काय म्हणाल्या, हे ती सांगणारे कधी सांगत नाहीत. त्यांच्याजवळ कोण बसलं होतं? ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला निवारा बांधून दिला, त्याच्या बायकोला त्या रात्री कोणाच्या शेजारी बसता आलं? बाबांचं मोठेपण मला यानं कमी होत नाही. पण त्या वाक्यात एकाचं दुःख कोटींच्या दुःखात मिसळून जातं, आणि बहिणीच्या घरी वर्षभर नेमकं हेच कोणाला जमत नव्हतं. तिला तिची एकच मुलगी दिसत होती. दुसऱ्या जळणाऱ्यांत नेऊन बसवल्यावर तिची मुलगी अनेकांतली एक झाली, आणि त्यानं तिला बरं वाटलं. बाबांनी जे एका श्वासात केलं तेच शिबिर दोन दिवसांत थोडंथोडं करतं का? की हे दोन्ही एकत्र ठेवणंच चूक आहे, कारण बाबांचं मूल गेलं होतं आणि तिचं जिवंत आहे?

पॉल न्यूमनचा मुलगाही गेला होता. स्कॉट, १९७८ मध्ये, दारू आणि गोळ्यांच्या अतिसेवनानं. शिबिर त्यानंतर दहा वर्षांनी आलं. दोन बाप, दोन मुलगे आणि दोघांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी बांधलेली छपरं. ही जुळणी मला सुचली तेव्हा सगळं उलगडल्यासारखं वाटलं. मग मी तारखा पाहिल्या. ऋणमोचनला पूर्णेकाठचा घाट गाडगेबाबांनी १९०८ मध्येच बांधला, गोविंदा जाण्याच्या कितीतरी आधी. न्यूमननं मुलाच्या नावानं व्यसनाविरुद्ध काम करणारी वेगळी संस्था काढली होती; शिबिर दुसऱ्याच आजाराच्या मुलांचं. म्हणजे जळलं म्हणून बांधलं, असं सरळ म्हणता येत नाही. कदाचित काही माणसांना न जळताही कळतं. कदाचित त्यांना कळण्याची वाटच बघायची नसते.

आणि एक गोष्ट, जी मी टाळत आले. भाचीच्या शिबिरात तिला एक मैत्रीण मिळाली होती, तिच्याहून वर्षभरानं मोठी. दोघी व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बोलायच्या. ती मुलगी या हिवाळ्यात गेली. भाचीला सांगावं लागलं. जळणाऱ्यांना एकत्र आणण्याचा हा अर्थही आहे, आणि शिबिर चालवणाऱ्यांना तो पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तरी ते मैत्री होऊ देतात. मी असते तर दिली असती का, मला सांगता येत नाही. बहीण म्हणते, त्या मैत्रिणीशिवाय मेंटेनन्सचं वर्ष निघालंच नसतं. पण हे म्हणताना तिचा आवाज ठाम नसतो.

आता भाचीचे उपचार संपले आहेत. बॅग अजून दाराशीच आहे. या वर्षी पुन्हा जायचं की नाही, हे बहिणीला ठरवायचं आहे. मुलाला जायचंय, नवऱ्याला जायचंय, भाची काहीच बोलत नाही. ‘‘ताई, आता आम्ही तिथे बसायचं का?’’ तिनं परवा विचारलं. ‘‘आमचं आता जळत नाहीये. आणि विझलंय असं म्हणायला जीभ रेटत नाही.’’ मी तिला म्हटलं, जा. फोन ठेवल्यावर वाटलं, मुलाचं विचारायला हवं होतं, त्याला एकट्याला भावंडांच्या सत्रात पाठवता येईल का. तो तर अजून कोणाला काही बोललेलाच नाही. उद्या पुन्हा फोन करीन म्हणते.