वाट्याला आलेले नऊ अंश

पुतणीच्या दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचं प्रकरण सुरू झालंय. आज तिच्याबरोबर वृत्तालेख काढायला बसले. समजा, वर्गात 40 मुलं: पायी येणारी 16, सायकलने 10, एसटीने 8, रिक्षाने 6. घटकाची संख्या भागिले एकूण, गुणिले 360. उत्तरं आली 144, 90, 72 आणि 54 अंश. बेरीज 360 भरली की जीव भांड्यात पडतो.

मला मात्र त्याआधीचा विचार फार आवडतो. 360 भागिले 40, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला 9 अंश. रिक्षातून येणाऱ्याला तेवढेच, फाट्यावर एसटीची वाट पाहणारीलाही तेवढेच. हे शिकवताना आधी सांगायला हवं. मुलं सूत्र घोकतात आणि हा कोन कोणाचा, हे राहूनच जातं.

मग कोनमापक. 144 वर टोकदार पेन्सिलीचा ठिपका, त्रिज्या, आणि पुढचा कोन त्या नव्या त्रिज्येवर शून्य ठेवून. शेवटची पाकळी आपोआप उरते. तरी ती मोजायचीच, आधी कुठे अंश घसरला असेल तर तिथे कळतं.

विल्यम प्लेफेअरने 1801 साली छापलेल्या अशा आलेखात तुर्की साम्राज्याचा तीन खंडांतला विस्तार होता. आता संगणक क्षणात काढून देतो, पण एकदा तरी हाताने काढावाच.

उद्या ती स्वतःच्या वर्गाची माहिती आणणार आहे. पटावर 37 मुलं. प्रत्येकाला साधारण 9.73 अंश.