वात पेटविणारा

शोभेची दारू उडू लागली की पाहणारे आकाशाकडे पाहतात. ती उडविणाऱ्याने मात्र जमिनीकडे पाहावे, असे माझे मत बनले आहे. आमच्या बेळगावातील चर्चच्या पटांगणात फेस्ताच्या व नाताळच्या रात्री जे थोडेफार दारूकाम होते, त्याची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे आहे. बाण उंच जाऊन फुटतो, लोक ‘वाहवा’ म्हणतात, आणि माझी नजर त्याच क्षणी दोरीखालून पुढे सरकणाऱ्या एखाद्या बालकाला शोधीत असते.

घरच्या अंगणात भुईनळा लावणे निराळे आणि जमावापुढे लावणे निराळे. अंगणात वात पेटविणारा मागे पळतो व सुटतो. जमावात पुढच्या रांगेतील म्हातारीला मागे सरायला जागाच नसते. तिच्या मांडीवर नातू झोपलेला असतो. तिने काही धाडस पत्करलेले नसते. ‘ही आपलीच माणसे आहेत, काळजी घेतील,’ एवढ्याच भरवशावर ती तेथे बसलेली असते. तो भरवसा सांभाळणे हेच ह्या कामाचे मर्म होय.

केरळातील परवूर येथे १० एप्रिल २०१६ च्या पहाटे पुट्टिंगल मंदिराच्या उत्सवात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. उडविलेल्या दारूचा पेटता अंश साठवणीच्या जागेवर पडला आणि सारा साठा एकदम उडाला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच राज्यात नीलेश्वरम येथे पुन्हा साठ्यानेच पेट घेतला. तो प्रेक्षकांच्या अगदी निकट ठेवलेला होता. दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले. ह्या वार्ता वाचून ‘ते तिकडे घडले’ असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. गोव्यात फेस्ताला दारूकाम होते. आमच्या बेळगावात ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाके भरलेला ‘ओल्ड मॅन’ जाळतात आणि पोरे त्याच्याभोवती कोंडाळे करून उभी राहतात.

म्हणून माझा पहिला आग्रह पेटीविषयी असतो. सारा माल झाकणाच्या पेटीत, उडविण्याच्या जागेपासून व लोकांपासूनही दूर. एकाने एकच नग काढावा, झाकण लावावे, मगच दुसऱ्याने वात पेटवावी. तरुण मंडळींना हा विलंब सोसत नाही. ‘काका, मधे फार खंड पडतो,’ अशी तक्रार दरवर्षी येते. मी ती ऐकून घेतो आणि झाकण लावतो.

दुसरा आग्रह अंतराविषयी. इंग्लंडात मोकळ्या मैदानावरच्या मोठ्या प्रकारांसाठी किमान २५ मीटर अंतर सांगितलेले असते; आम्हीही तेवढेच धरतो, म्हणजे सुमारे पस्तीस पावले. वारा लोकांच्या पाठीवर असावा, म्हणजे जळके तुकडे त्यांच्याकडे येत नाहीत. बाण बाटलीत उभा करण्याची जुनी रीत आम्ही सोडली; बाटली कलंडली की बाण माणसांत शिरतो. त्याऐवजी जमिनीत घट्ट रोवलेली लोखंडी नळी वापरतो. एकामागून एक बार सोडणारे खोके पहिल्याच हिसक्याने आडवे होऊ शकते, म्हणून त्याच्या चारी बाजूंना वाळूच्या पिशव्या रचतो. उदबत्ती लांब काठीला बांधलेली असते. नगावर ओणवे होण्याची कोणालाही मुभा नाही.

सर्वांत कठीण परीक्षा फुसक्या बाराची. वात विझते, काहीच होत नाही, लोक हसतात आणि पेटविणाऱ्याचा अभिमान जागा होतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी एका वरातीत अशाच हशापायी विझलेल्या भुईनळ्यावर वाकून पाहिले. त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला. आमच्याकडे फुसक्या नगाला वीस मिनिटे कोणी शिवत नाही. मग दुरून बादलीभर पाणी ओततो. हसणाऱ्यांना हसू द्यावे.

फुलबाजी निरुपद्रवी समजून आपण ती तान्ह्या मुलांच्या हाती देतो. पण तिच्या टोकाची उष्णता सुमारे १००० अंशांवर जाते, उकळते पाणी १०० अंशांचे! लहानग्यांनी ती दुरूनच पाहावी. विझलेल्या तारा पाण्याच्या बादलीतच टाकाव्यात. कोणी भाजलेच, तर वीस मिनिटे थंड वाहते पाणी. शाई, तूप, दंतमंजन काही नको. डोळ्याला इजा झाल्यास चोळू नये, धुऊ नये, दाबू नये. वरून अलगद आच्छादन धरून थेट रुग्णालय गाठावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नाताळ व नववर्षाच्या रात्रीसाठी ११.५५ ते १२.३० एवढाच वेळ दिला होता. मध्यरात्रीची मिस्सा लांबली, तर आमची पेटी उघडतच नाही. तेव्हा मुलांचे चेहरे उतरतात, हे मला दिसते. तरी शब्द मोडीत नाही.

दारूगोळा हाताळणाऱ्यांची आश्रयदात्री संत बार्बरा. ४ डिसेंबर हा तिचा दिवस. अकस्मात मरणापासून रक्षण व्हावे म्हणून भाविक तिचा धावा करतात. मीही तिचे स्मरण करतो. मात्र पाण्याच्या बादल्या आधी भरून घेतो.

लोक घरी गेले तरी काम संपत नाही. न फुटलेले फटाके वेचण्याचा पोरांना मोठा नाद असतो. रात्री कंदील घेऊन आम्ही एकदा पटांगण झाडतो, आणि पहाटे, सकाळच्या मिस्सेला पहिले मूल फाटकातून आत येण्यापूर्वी, पुन्हा एकदा.