घरी दळलेलं सॉफ्टवेअर

आजची संशोधक मुलं सॉफ्टवेअरचं पाकीटबंद पीठ आणतात. आम्हाला गहू मिळायचे, तेही न निवडलेले. टारबॉल नावाचा गठ्ठा सोडला की शेकडो फायलींची नावं पडद्यावरून सरसरत जायची. मग रीडमी वाचायची, इन्स्टॉल नावाची फाईल वाचायची आणि कॉन्फिगरला कामाला लावायचं. ते एकेक प्रश्न विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं. कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. भोवतालची परिस्थिती ठीकठाक आहे का? या शेवटच्या प्रश्नात खरं तर फायलींच्या वेळाच तपासल्या जायच्या. मदरबोर्डवरची बॅटरी संपून यंत्राचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असलं, की कॉन्फिगर तिथंच अडून बसायचं. मग आम्ही मनगटावरच्या घड्याळात बघून संगणकाला तारीख सांगायचो.

आता कॉन्डा या पॅकेज मॅनेजरला एक ओळ सांगितली की पुरतं. कॉन्डा २०१२मध्ये आलं, आणि २०१६पासून नमपाय या पायथनच्या गणिती पॅकेजची तयार बांधणी लिनक्सवाल्यांना पिपवरही मिळू लागली, पोटात ओपनब्लास ही मॅट्रिक्स-गणिताची लायब्ररी घेऊनच. प्रश्न कोणी विचारत नाही आणि उत्तरं कोणी ऐकत नाही. चहा कपात ओतेपर्यंत सगळं झालेलं असतं.

आमच्या वेळी एका गोष्टीसाठी दुसरी लागायची आणि दुसरीसाठी तिसरी. हवामानाचं मॉडेल चालवायचं तर नेटसीडीएफ हवं, नेटसीडीएफला एचडीएफ५ हवं, एचडीएफ५ला झेडलिब हवं. शिवाय फोरट्रानचा सगळा भाग एकाच कंपायलरने बांधायचा, नाहीतर जोडणीच्या वेळी भांडणं. जुना जी७७ कंपायलर काही नावांच्या शेवटी दोन अंडरस्कोअर लावायचा, आणि २००५मध्ये जीसीसीबरोबर आलेला जीफोरट्रान एकच लावायचा. तेवढ्या एका आडव्या रेघेपायी अख्खी संध्याकाळ जायची. त्या संध्याकाळने मॉन्सूनच्या ज्ञानात कणभरही भर पडली नाही, हे इथंच कबूल केलेलं बरं.

आता या बांधणीच्या पाककृती लिहून ठेवलेल्या असतात. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलेलं स्पॅक किंवा बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातून आलेलं ईझीबिल्ड ही सगळी साखळी स्वतः ओढतं. पाषाणमधल्या विद्यार्थ्याने एक छोटी फाईल पाठवली की पवईतल्या विद्यार्थ्याकडे त्याच आवृत्त्या उभ्या राहतात. आमच्याकडे हे ज्ञान एखाद्या सीनियरच्या वहीत असायचं. सीनियर पोस्टडॉकला परदेशी गेला की वही त्याच्याबरोबर जायची आणि मागे उरायची बॅशआरसी फाईलमधली एक लांबलचक ओळ. ती कशासाठी आहे हे कोणाला माहीत नसायचं आणि ती पुसायची कोणाची छाती नसायची.

सगळ्यात मोठा सोहळा अ‍ॅटलास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीचा. मॅट्रिक्सचा गुणाकार आपल्याच यंत्रावर नाना तऱ्हांनी करून पाहायचा, प्रत्येक वेळ मोजायची आणि सगळ्यात वेगवान तऱ्हा ठेवायची, असा त्याचा खाक्या. त्यात तास न् तास जायचे, आणि मध्येच दुसऱ्या कोणी यंत्राला काम दिलं तर मोजमाप बिघडायचं. म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी लागायची: ‘चालू आहे. हात लावू नये.’ चिठ्ठी माणसं वाचायची, वीज मंडळ वाचत नसे. लोडशेडिंग झालं की अर्ध्या वाटेवर अंधार. साध्या बांधकामात मात्र ‘मेक’चा आधार असायचा. स्टुअर्ट फेल्डमननी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम फायलींच्या वेळा बघतो आणि राहिलेलं तेवढंच काम करतो. त्यांनी एक खोडही मागे ठेवली. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाही. हे चुकलं असं त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा डझनभर माणसं मेक वापरत होती. त्यांना त्रास नको म्हणून ते तसंच राहिलं आणि पुढच्या सगळ्यांना त्रास झाला.

आता ओपनब्लास वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीचे तयार तुकडे बरोबर आणतं आणि चालू होताना योग्य तो निवडतं. चिठ्ठी नाही, सोहळा नाही.

‘आम्हाला सॉफ्टवेअर आतून कळायचं,’ असं आमच्या पिढीतलं कोणी म्हणालं तर निम्मंच खरं माना. सोर्स कोड घरात होता हे खरं, पण वाचला किती? आम्ही वाचले ते कंपायलरचे इशारे, तेही लाल दिसले तर. कोणाचं काय आपण वापरतोय हे ठाऊक होतं, असंही आम्ही म्हणतो. फूरिए रूपांतरं करणारं एफएफटीडब्ल्यू एमआयटीतल्या फ्रिगो आणि जॉन्सन यांचं, ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरचं नाव त्याचे कर्ते जॉन ईटन यांच्या गुरूंचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं, हे माहीत असायचं. पण आमचे प्रबंध उघडून आभाराचं पान पाहा. तिथं मार्गदर्शक आहेत, आई-वडील आहेत, कधी कँटीनवालाही आहे. एफएफटीडब्ल्यूचा पत्ता नाही. सॉफ्टवेअरचा संदर्भ नीट द्यायची शिस्त आजच्याच मुलांनी आणली.

मग हळहळ कशाची? यंत्र गुंतलेलं असायचं म्हणून माणूस मोकळा असायचा, त्याची. मेक चालू असताना ‘काम का करत नाहीस?’ असं मार्गदर्शकही विचारू शकत नसत. काम चालूच होतं की! त्या सक्तीच्या रिकामपणात सीनियर ज्युनियरच्या शेजारी बसायचा आणि ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप, त्या प्रश्नावर बोलणं व्हायचं. हे आम्ही ठरवून कधीच केलं नाही, आणि ठरवून केलं असतं तर झालंही नसतं.

ही मोकळीक परत हवी म्हणून आज कोणी दळायला बसणार नाही, आम्हीही नाही. परवाच एक पॅकेज हवं होतं. ते कॉन्डा-फोर्जवर आहे का पाहिलं, नव्हतं. सोर्स मात्र होता, इन्स्टॉल फाईलसकट. आम्ही दुसरं पॅकेज शोधलं.