मडक्याच्या तळाची खरवड

सिंगापूरच्या चायनाटाउनला चिनी लोक 'न्यू छ श्वे' म्हणतात. अर्थ, बैलगाडीचं पाणी. नळ नव्हते तेव्हा या वस्तीला बैलगाडीतून पाणी यायचं, त्यावरून हे नाव पडलं. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवसापासून हा भाग मला परका वाटेनासा झाला. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी तिथल्या स्मिथ स्ट्रीटवर, चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर जातो. दोनशेहून जास्त खाद्यगाळे असलेलं हे देशातलं सर्वांत मोठं हॉकर सेंटर. मी जातो ते मडक्यातल्या भातासाठी.

हा भात दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या लोकांचा. मडकं बाहेरून खरबरीत, आतून गुळगुळीत झिलईचं. आचेनं तडकू नये म्हणून त्याला तारेची जाळी बांधलेली असते. माझ्या नेहमीच्या गाळ्यावर अजूनही कोळशाच्या शेगड्या आहेत. ऑर्डर दिल्यावर कच्चे तांदूळ मडक्यात पडतात. आधी शिजवून ठेवलेला भात इथे चालत नाही, त्यामुळे पाऊण तास सहज जातो. पाणी आटत आलं की वर मुरवलेलं चिकन, 'लाप चोंग' या गोडसर चिनी सॉसेजच्या चकत्या आणि खारवलेल्या माशाचे तुकडे ठेवून झाकण लावतात.

खरं कसब त्यानंतर दिसतं. गाळ्यावरच्या आंटी मडकं कलतं करून त्याची एक बाजू निखाऱ्यांवर धरतात, थोड्या वेळानं फिरवून दुसरी. तळाला आणि कडेला सगळीकडे सारखी आच लागली पाहिजे. त्या घड्याळाकडे बघत नाहीत. आतली तडतड ऐकतात आणि वास घेतात. खमंग आणि करपट यांच्यामधलं अंतर काही क्षणांचंच असतं आणि ते त्यांच्या नाकाला ठाऊक आहे.

मडकं टेबलावर येतं. झाकण काढायचं, घट्ट काळा सोया सॉस आणि चमचाभर तेल घालायचं, आणि तळापासून सगळं कालवायचं. चिकनचा रस भाताला लागतो, खारा मासा मध्येच जिभेला जागं करतो. पण मी वाट बघत असतो ती तळाची. भात संपत आला की चमच्यानं खरवडायला लागायचं. तांबूस, कुरकुरीत, किंचित धुरकट पापुद्रे सुटून येतात. चिनी लोक त्याला 'ग्वोबा' म्हणतात. आपण खरवड म्हणतो. चिपळूणला आजी चुलीवर भात लावायची आणि पातेल्याच्या तळाची खरवड मीठ-तूप लावून आम्हा भावंडांत वाटून द्यायची. इथे पहिल्यांदा ग्वोबा तोंडात टाकला तेव्हा डोळे भरून आले. तांदूळ खाणाऱ्या माणसांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही, हे मला त्या घासानं शिकवलं.

इथे हॉकरला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे अंकल, सगळ्या आंटी. दोन वर्षांच्या येण्याजाण्यानंतर माझ्या गाळ्यावरच्या आंटींनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "खालचं जास्त पाहिजे ना?" आणि माझं मडकं आचेवर थोडं जास्त ठेवलं. आपल्या आवडीची अशी आठवण ठेवणारं माणूस परमुलखात भेटणं ही लहान गोष्ट नाही.

एके काळी ही सगळी मंडळी रस्त्यावर, गटाराच्या कडेला विकत होती. 1968-69 मध्ये सरकारनं त्यांची नोंदणी केली. 1971 पासून पुढची पंधरा वर्षं त्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत हलवलं. नुसतं हुसकावून न लावता छप्पर दिलं, हे मला मोलाचं वाटतं. म्हणून आज एकाच छपराखाली मडक्यातला भात, मलय साते, आपल्याकडच्या पराठ्याचा भाऊ शोभेल असा प्राटा आणि ओतून ओतून फेसाळलेला 'तेह तारिक' चहा मिळतो, आणि बँकेतला साहेब व बांधकामावरचा मजूर एकाच टेबलाला टेकतात. 2020 च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पण वारसा यादीत टिकत नाही, हातांत टिकतो. निम्मे हॉकर आज साठीच्या आसपासचे किंवा त्याच्या पुढचे आहेत. कोळशाच्या धगीपुढे दिवसभर उभं राहायला पुढची पिढी सहजी तयार होत नाही आणि गिऱ्हाइकाला एका मडक्यासाठी चार पैसे जास्त द्यायला जड जातं. मला ते जड जात नाही, जाऊही नये. पाऊण तासाच्या मेहनतीची ती किंमत आहे.

म्हणून सिंगापूरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एवढंच सांगतो: लिटिल इंडियात डोसा खाऊन परत जाऊ नका. एक संध्याकाळ हॉकर सेंटरसाठी राखून ठेवा. लाप चोंग डुकराच्या मांसाचं असतं, चालत नसेल तर आधीच सांगा, ते वगळून देतात. मडक्यातला भात मागवा, घाई करू नका, आणि तळाची खरवड टाकून उठू नका.