पिशवी आणि खिसा

अण्णा एसटीत कंडक्टर होते. एरवी ड्युटी संपली की आगारात रोकड भरूनच ते घरी येत. पण महिन्यातून दोन-चार वेळा त्यांना आमच्याच गावची मुक्कामी गाडी लागायची आणि त्या रात्री चामड्याची पिशवी त्यांच्याबरोबर घरी यायची. जेवणं झाली की ते सतरंजीवर ती पालथी करत. नाण्यांच्या चळती लावायचं काम माझं. चाराणे एकीकडे, आठाणे एकीकडे, रुपये भिंतीकडेला. चळतींचा आकडा वेबिलाशी जुळला की पिशवीचं तोंड बंद आणि पिशवी उशाखाली.

तिसरीत असताना अशाच एका रात्री मी आठ आणे मागितले. दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. समोर नाण्यांचा एवढा ढीग, त्यातलं एक उचलून देतील असं मला वाटलं. अण्णा उठले, खुंटीवरच्या खाकी शर्टाचा खिसा चाचपला आणि चार आणे काढून माझ्या हातावर ठेवले.

“एवढेच आहेत.”

“पण अण्णा, हे एवढे आहेत की!”

“हे पिशवीतले. पिशवीतले आपले नव्हेत.”

पैसे कमी भरले तर फरक कंडक्टरने पदरचा घालायचा, जास्त निघाले तर तेही जमाच करायचे, हे मला पुढे कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की पैसा घरात असतो, उशाखाली असतो, आपल्याच बोटांनी मोजलेला असतो, तरी तो आपला नसतो.

शाळेत मात्र पैशाचा धडा वेगळा होता. तिथे संचयिका होती. बाई आमचे चार-आठ आणे घेत, छोट्या पुस्तकात नोंद करत आणि थेंबे थेंबे तळे साचे हे न चुकता सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण साठवायचं ते आपल्यातलं, आणि आपलं नेमकं किती, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. ते आमच्यात नीट ठाऊक होतं माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीला. आमच्या भागात साखर कारखाने, त्यामुळे हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत. तिचे आईवडील म्हणजे टोळीतला एक कोयता. नवराबायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, मग पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या उसातून ती फेडायची. “तुझ्या बाबांना पगार किती?” असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आमचे पैसे येऊन संपले पण. आता फेडायला आलोय.” आठ वर्षांच्या पोरीला कर्ज आणि कमाई यांतला फरक पाठ होता. संचयिकेत तिचं पुस्तक नव्हतं.

हे सगळं परवा आठवायचं कारण माझी लेक. ती पाचवीत आहे. पैसा तिला दिसतच नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर, रिक्षात, वाण्याकडे मी चौकोनी ठिपक्यांसमोर फोन धरते आणि स्पीकर रकमेचा पुकारा करतो. ‘आत्ता नको, महिनाअखेर आहे,’ असं म्हटलं की ती म्हणते, “मग फोनवरून दे ना.” तिच्या लेखी फोन ही अशी पिशवी आहे की जिला तळ नाही. दोष तिचा नाही. घरात पगार किती, हप्ता किती, हे तिच्यासमोर आम्ही कधी बोललो नाही. विचारलं तर ‘तू अभ्यास कर’ हे ठरलेलं उत्तर.

मध्यंतरी मी एक प्रयोग केला. कष्टाचं मोल कळावं म्हणून फ्रिजवर दरपत्रक लावलं. बाटल्या भरणे पाच रुपये, कपड्यांच्या घड्या दहा रुपये. आठवडाभर घर लखलखत होतं. नवव्या दिवशी सासूबाईंनी पाणी मागितलं तर ही जागची न हलता म्हणाली, “किती देणार?” दरपत्रक त्याच संध्याकाळी उतरलं.

मग शाळेत खरी कमाई आली. स्काउट-गाइडमधला हा जुना उपक्रम: मुलांनी काहीतरी काम करून किंवा विकून चार पैसे मिळवायचे. तिने भेळेचा स्टॉल लावला. द्रोणाला वीस रुपये, चाळीस द्रोण. भांडवल माझं. सासूबाई पहाटेच उठून कांदा-टोमॅटो चिरायला बसल्या, चिंच-गुळाचं पाणी त्यांनीच केलं. दुपारी लेक कंपासपेटी खुळखुळवत आली. “आई, मी 640 रुपये कमावले!”

मी सतरंजी अंथरली. कंपासपेटी पालथी केली. चळती लावण्याजोगी नाणी फार नव्हती, विसाच्या आणि दहाच्या चुरगळलेल्या नोटाच होत्या.

“चाळीस द्रोण संपले ना? मग आठशे हवेत.”

ती विचारात पडली. सात जणांच्या आयांनी माझ्या फोनवर पैसे पाठवले होते, ते तिने धरलेच नव्हते. “ते तुझ्या फोनमध्ये गेले, म्हणजे तुझे ना?” ते 140 धरले तरी 780. उरलेले वीस मैत्रिणीकडे. “ती उद्या देणार आहे.” देईल तेव्हा जमा, मी म्हटलं, आणि अण्णांचा आवाज माझ्याच तोंडून ऐकून दचकले.

मग दुकानाची चिठ्ठी काढली. चुरमुरे 120, फरसाण 240, शेव 60, कांदे 30, टोमॅटो 30, कोथिंबीर 20, चिंच-गूळ 50, द्रोण 50. तिनेच बेरीज केली. 600. ते वेगळे काढताना तिचे हात जड झाले. जे तिचं नव्हतं ते तिने आपलं धरलं होतं, आणि जे तिचं होतं ते माझ्या फोनमध्ये सोडून दिलं होतं. चूक एकच, दोन्ही बाजूंनी. बचत, व्याज, गुंतवणूक हे सगळं नंतरचं. हातात आलेल्यातलं आपलं किती हे ज्याला ओळखता येतं, त्याला क्रेडिट कार्डाची मर्यादा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

उरले 180. तिला दहा वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे पोस्टात स्वतःच्या सहीने खातं चालवता येईल. त्यासाठी किमान 500 लागतात, अजून 320 हवेत. “आणि पाचशेवर व्याज किती?” चार टक्क्यांनी वर्षाला वीस रुपये. तिने क्षणभर हिशेब केला. “म्हणजे वर्षभर थांबून एक भेळ?” मी हो म्हटलं. यात गोड करून सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी तिला वहीचं पान दुमडून जमा आणि नावे असे दोन रकाने आखून दिले. ती लिहीत होती. नावेच्या रकान्यात चुरमुऱ्यापासून द्रोणापर्यंत सगळं उतरलं आणि पेन्सिल थांबली.

“आजीचे किती धरायचे? ती पहाटेपासून चिरत होती.”

“माझे कसले गं पैसे,” सासूबाई आतून म्हणाल्या.

दरपत्रक लावणारी मीच, पण तो आकडा मलाही सांगता येईना. आमच्या आईने आयुष्यभर पहाटे चारला उठून अण्णांचा डबा केला, तोही कुठल्या वेबिलात आला नाही. पिशवी आणि खिसा यांपलीकडे तिसरी एक जागा असते, तिचं नाव अण्णांनीही सांगितलं नव्हतं.

रात्री वही उघडून पाहिली. नावेच्या रकान्यात शेवटची ओळ होती: आजी, कांदा-टोमॅटो चिरणे, दोन तास. पुढे आकडा लिहून खोडला होता. मग दुसरा, तोही खोडलेला. त्याच्या शेजारी जागा कोरी होती.