स्टोची पिन

आमच्या ह्यांची येझदी दाजीबानपेठेतल्या घराच्या बोळात तीन वर्षं गोणपाटाखाली उभी होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात चालत नाही, जीभही मोजकेच शब्द देते. त्यातला एक म्हणजे 'बस्स'. पोट भरलं तरी बस्स, पाहुणा फार वेळ बसला तरी बस्स.

मुलाने गाडी विकायचं काढलं. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद झालेला, त्यामुळे हौशी लोक जुन्या येझदीची विचारपूस करत येतात. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. शुक्रवारी ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर ओढला आणि बोळाकडे बोट दाखवलं. विकायची तर चालू करून विकायची, एवढं मला कळलं.

किकचा आणि गियरचा दांडा एकच असलेली ही गाडी. तिच्यावरून आम्ही बेळगावला माहेरी गेलो, वरूरला नवग्रह तीर्थावर ६१ फुटी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो. तिच्या पोटात काय असतं ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

हे खुर्चीत बसले, मी पाटावर. कार्बोरेटर काढून खालची वाटी उघडली. पेट्रोल केव्हाच उडून गेलेलं, त्यातल्या ऑइलचा पिवळट चिकटा तेवढा उरलेला, काकवी वाळल्यासारखा. आत पितळेची दोन जेटं. मोठं मेन जेट, गाडी पळताना पेट्रोल देणारं. आणि बारीक पायलट जेट, गाडी जागेवर धडधडत उभी असते तेव्हाचं. पायलटचं भोक केसाएवढं, ते बुजलेलं.

आता तुम्हीच सांगा, माझ्या वयाच्या बाईला अशा वेळी काय आठवणार? मी माळ्यावरून रॉकेलच्या स्टोची पिन काढली आणि भोकात घातली. हे खुर्चीत चुळबुळले, हात हलवला. मला वाटलं, शाबासकी देताहेत.

मग जेट बसवलं. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची असतात, ऊन भिंतीवर चढत चाललेलं, मी घाईत. लोणच्याच्या बरणीचं झाकण आवळते तसा स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरून आवळला. हे म्हणाले, "बस्स." मी म्हटलं, "कंटाळलात? थांबा, झालंच." अजून अर्धा फेरा दिला. "बस्स! बस्स!" मी चिडून म्हटलं, "चहा ठेवते मग." ह्यांनी तोंड फिरवलं.

गाडी सुरू झाली, पण बोळभर काळा धूर. शेजारची वहिनी नाकाला पदर लावून बाहेर आली. शनिवारी जेट परत काढायला गेले तर त्याची खाच फाटलेली, ते हलेना.

दुर्गदबैलजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चौकोनी टोकाची बारीक सळी हलकेच ठोकून ते जेट बाहेर काढलं, भिंग लावून पाहिलं आणि मला विचारलं, "पिन कोण घातली?" भोक मोजून पाडलेलं असतं. पितळ मऊ, पोलादाच्या पिनेने ते मोठं होतं, मग पेट्रोल जास्त जातं आणि धूर येतो. जेट पेट्रोलमध्ये भिजवायचं, फुंकायचं, बस. स्टोची गोष्ट वेगळी.

नवीन जेट त्यांनी जुन्यावरचा आकडा बघून आणलं आणि माझ्याच हातात दिलं. आधी नुसत्या बोटांनी उलटं फिरवायचं. आटे जुळले की टिक् करून खाली बसतं, तेव्हा सुलटं घ्यायचं. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, तोही मुठीत नाही, कुंकवाच्या काडीसारखा बोटांच्या टोकांत. जेट तळाला टेकलं की पुढे चिमूटभर. कार्बोरेटरचं अंगही मऊ धातूचं, त्याचे आटे गेले तर अख्खा बदलावा लागतो. सैल ठेवलं तर थरथरून सुटतं, वाटीत पडतं.

टेकल्याचं बोटांना कळलं. तरी माझी बोटं पुढे निघालीच. मिस्त्री म्हणाले, "साकु अक्का, साकु." आणि त्याच क्षणी खुर्चीतून, "बस्स."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ह्यांच्याकडे पाहायचं धाडस होईना. कालपासून हा माणूस मला काय सांगत होता, आणि मी चहा ठेवायला निघाले होते!

तिसऱ्या किकला गाडी लागली. धूर नाही. ह्यांनी डावा तळवा टाकीवर ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत उचलला नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं, आवाज ऐकून खूश झालं, किंमत बोलू लागलं. हे म्हणाले, "बस्स." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गाडी विकायची नाही म्हणताहेत."