रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाची फाइल बहुधा जाड असते. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, मानेचा एमआरआय, सगळं नॉर्मल. मग घरचे, कधी कधी डॉक्टरही, ‘मनाचं दुखणं’ म्हणून मोकळे होतात. संधिवाताच्या क्षेत्रात काम करताना माझं ठाम मत झालं आहे, की या तपासण्या सूज आणि झीज शोधतात. या आजारातला मुख्य बिघाड मात्र वेदनेची प्रतवारी ठरवणाऱ्या मज्जासंस्थेत असतो. जिथे बिघाड आहे तिथे पाहिलंच नाही, तर रिपोर्ट नॉर्मलच येणार.

2002 साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि डॅनियल क्लॉ यांच्या गटानं 16 रुग्ण आणि 16 निरोगी व्यक्तींना फंक्शनल एमआरआयमध्ये झोपवून अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. रुग्णांइतकंच दुखायला निरोगी व्यक्तींना सुमारे पावणेदोन पट दाब लागला. आणि तेवढं दुखल्यावर दोन्ही गटांच्या मेंदूत बरीचशी तीच क्षेत्रं उजळली. रुग्ण नुसतं वाढवून सांगत असते, तर मेंदूनं त्यांच्या बोलण्याला अशी साथ दिली नसती. 2010 मध्ये विटाली नापाडो यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. माणूस स्वस्थ पडलेला असताना जागं राहणारं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ आणि शरीराच्या संवेदनांची दखल घेणारा इन्सुला हा भाग, यांची जोड रुग्णांमध्ये जास्त घट्ट होती. त्या वेळी अंग जितकं ठणकत होतं, तितकी ती अधिक घट्ट.

यावर आक्षेप येतो, की वर्षानुवर्षं दुखल्यावर मेंदू बदलणारच; तुम्ही परिणामालाच कारण म्हणता. आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या मेंदूच्या चित्रांनी तो खोडता येत नाही. मला जनुकांचा पुरावा मोलाचा वाटतो तो इथे, कारण जनुकं दुखण्याच्या आधीपासून असतात. 2004 च्या एका अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातलगांत हा आजार असण्याची शक्यता आमवाताच्या रुग्णांच्या नातलगांपेक्षा आठपटींहून जास्त आढळली. एका घरात ताणतणावही सामायिक असतात, हे खरं. पण जुळ्यांच्या अभ्यासांतही सर्वांगदुखीच्या प्रवृत्तीतला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक निघाला. सीओएमटीसारख्या एकेकट्या जनुकावर दोष ठेवणारे सुरुवातीचे दावे पुढे टिकले नाहीत. 2025 मध्ये जाहीर झालेल्या, 50 हजारांहून अधिक रुग्णांच्या विश्लेषणात मात्र जनुकसंचातल्या 26 जागा पुढे आल्या, आणि त्या आनुवंशिकतेचा माग स्नायूंकडे न जाता मेंदूच्या ऊतींकडे गेला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. 2021 मध्ये आंद्रेआस गोबेल आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तेव्हा उंदीर दाबाला आणि गारव्याला हळवे झाले. काही रुग्णांच्या त्वचेतले बारीक मज्जातंतूही विरळ झालेले आढळतात. तेव्हा सगळं खापर मेंदूवर फोडू नये. पण बाहेरून येणारा संदेश वाढलेला असणं आणि आत तो आणखी वाढवला जाणं, दोन्ही एकाच वेळी घडू शकतं; कोणात काय जास्त, हे रुग्णागणिक वेगळं असेल.

जनुकांचे हे धागे प्रत्येकी फार बारीक आहेत, म्हणून निदानासाठी कोणी जनुकीय चाचणी सुचवली तर तीवर पैसे घालवू नयेत. निदान आजही रुग्णाचं नीट ऐकूनच होतं: तीन महिने टिकलेलं, शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांतलं दुखणं, उठल्यावरही न गेलेला शीण, लक्ष न लागणं. 2016 च्या निकषांनुसार सोबत आमवात असला तरी हे निदान बाद होत नाही. डायक्लोफिनॅकसारख्या सुजेवरच्या गोळ्यांनी यात फारसा उतार पडत नाही. ड्युलॉक्सेटिन किंवा प्रीगॅबलिन काहींना लागू पडतं. पुराव्याचं बळ सर्वांत जास्त आहे ते व्यायामाला, आणि तो अगदी थोड्यापासून सुरू करून सावकाश वाढवावा लागतो.